एकवीस तारांचा बखरकार

इब्न बतूता हा चौदाव्या शतकातील मोरोक्कोचा प्रवासी महाराष्ट्राच्या इतिहासाला अपरिचित नाही. महंमद तुघलकाचा वकील म्हणून चीनकडे निघाला असता तो वाटेत दौलताबादेस उतरला, आणि तेथील गायक-गायिकांच्या स्वतंत्र बाजाराचे मोठे कौतुकाचे वर्णन त्याने आपल्या प्रवासवृत्तात करून ठेवले. पुढे सुमारे दहा वर्षांनी, 1352 साली, हाच प्रवासी सहारा वाळवंट ओलांडून पश्चिम आफ्रिकेतील माली साम्राज्याच्या राजधानीत पोहोचला. तेथील दरबारातही त्याला गाणे-बजावणे आढळले. ईदेच्या दिवशी सुलतानाचा दुभाषा लाकडी पट्ट्यांखाली लहान लहान भोपळे बांधलेले वाद्य वाजवीत राजाची स्तुती गात होता. त्यानंतर पिसांचे सोंग घेतलेले, चोचीचा लाकडी मुखवटा चढविलेले कवी राजापुढे उभे राहिले. ज्या आसनावर तू बसला आहेस त्यावर पूर्वी अमुक राजे बसले, त्यांनी अमुक सत्कृत्ये केली; तूही असे काही कर की तुझ्यामागे ते सांगितले जाईल, असा त्यांच्या कवनांचा आशय होता. या कवीस तेथे 'जाली' म्हणतात, अशी नोंद बतूताने केली आहे. ही चाल त्या देशात इस्लामच्याही आधीपासूनची आहे, असे त्याला सांगण्यात आले.

त्या सोंगाचे बतूताला हसू आले. परंतु त्याने टिपून ठेवलेला कवनाचा आशय मोठा अर्थपूर्ण आहे. राजाची स्तुती करणारा हा कवी त्याला पूर्वजांच्या तोलाने तोलीत होता. 'जाली' अथवा 'जेली' हा शब्द आणि त्यामागचा व्यवसाय आजही जिवंत आहे. आणि विसाव्या शतकात या व्यवसायावर जे संकट आले, त्यातून वाट काढणाऱ्यांमध्ये तुमानी जाबाते या मालीच्या वादकाचे स्थान फार वरचे आहे.

मांदिंगो लोकांची वस्ती आज माली, गिनी, गांबिया, सेनेगल, गिनी-बिसाऊ, आयव्हरी कोस्ट अशा अनेक राष्ट्रांत विभागलेली आहे. सुमारे 1235 मध्ये किरिनाच्या लढाईत सुंदियाता केता याने शत्रूचा पराभव करून माली साम्राज्याचा पाया घातला, ही या सर्वांची समान स्मृती. समाजात लोहार, चर्मकार व जेली अशी वंशपरंपरेने कसब सांभाळणारी घराणी होती. त्यांपैकी जेलीचे कसब म्हणजे वाणी. वंशावळी मुखोद्गत ठेवणे, लढायांच्या व तहांच्या कथा सांगणे, लग्ने जुळविणे, भांडणे मिटविणे ही त्याची कामे. भाट, शाहीर, बखरकार आणि मध्यस्थ या चौघांचा अधिकार एका माणसाच्या ठायी एकवटला, तर तो जेलीच्या जवळपास येईल. कुयाते, जाबाते, सिसोको, सुसो, कांते ही या घराण्यांची आडनावे. त्यांतले 'जाबाते' फ्रेंच धाटणीच्या लेखनामुळे 'दियाबाते' असेही वाचले जाते, आणि इंग्रजी अमलाखालून आलेल्या गांबियात तेच 'जोबार्ते' होते. साम्राज्य मोडले, युरोपीय सत्तांनी भूमीची वाटणी केली, तरी घराणी एकच राहिली.

या घराण्यांच्या वाद्यांपैकी 'कोरा' हे सर्वांत डौलदार. एक मोठा भोपळा अर्ध्यावर कापून त्याच्या तोंडावर गाईचे कातडे ओले असतानाच ताणून बसवितात. त्यातून कठीण लाकडाचा लांब दांडा आरपार जातो. कातड्यावर उंच उभी घोडी असते. तिच्या दोन्ही कडांना खाचा असून डावीकडे अकरा व उजवीकडे दहा अशा एकवीस तारा तीत अडकविलेल्या असतात. पूर्वी या तारा हरणाच्या चामड्याच्या पिळलेल्या वाद्या असत. आता मासेमारीचा नायलॉनचा दोरा वापरतात. दांड्यावर खुंट्या नसून चामड्याच्या वेढ्या असतात, आणि त्या वरखाली सरकवून स्वर जुळवावा लागतो. वादक वाद्य समोर उभे धरतो, दोन्ही हातांची तीन तीन बोटे दोन दांडकुल्यांना धरून ठेवतो आणि केवळ अंगठे व तर्जन्या यांनी तारा छेडतो. भोपळ्याच्या कडेला नादासाठी एक छिद्र असते. संतुष्ट श्रोत्याने दिलेली नाणी त्याच छिद्रातून आत पडत. जेलीचा नाद व त्याची उपजीविका यांचे घर असे एकच होते.

हे वाद्य सुंदियाताच्या काळाइतके जुने नाही. परंपरेने त्याचे जन्मस्थान काबू राज्याच्या, म्हणजे आजच्या गिनी-बिसाऊ व गांबियाच्या बाजूला मानले आहे. 1795 ते 1797 या काळात नायजर नदीच्या शोधात हिंडलेला स्कॉटिश प्रवासी मंगो पार्क याने 1799 च्या आपल्या ग्रंथात मांदिंगोंच्या वाद्यांची यादी दिली आहे. तीत अठरा तारांच्या एका मोठ्या वाद्याचे नाव 'कोर्रो' असे आढळते. तारांची संख्या पुढे वाढली असे यावरून दिसते. जे वाद्य आज 'प्राचीन' म्हणून ओळखले जाते, ते स्वतःच वेळोवेळी बदलत आलेले आहे.

वादनाची पद्धतीही ध्यानात घेण्यासारखी आहे. प्रत्येक चीजेला 'कुंबेंगो' म्हणजे पुनःपुन्हा फिरत राहणारी एक ठरावीक आकृती असते; ती तबल्याच्या ठेक्यासारखी सतत चालू राहते. तिच्यावर मधूनच 'बिरिमिंतिंगो', म्हणजे वरच्या तारांवरून झरझर उतरणाऱ्या ताना येतात. स्वर जुळविण्याचे प्रमुख प्रकार चार. त्यांपैकी 'हार्दिनो' ढोबळ मानाने बिलावलाच्या सप्तकाजवळ जातो, तर 'साउता' प्रकारात मध्यम चढा असल्याने भारतीय कानाला यमनाची आठवण व्हावी. अर्थात हे साम्य वरवरचे. मांदिंगोंची श्रुतिव्यवस्था त्यांची स्वतःची आहे. आणखी एक गोष्ट अशी की, जुन्या चीजा बहुधा कोणा ना कोणाच्या नावाच्या असतात. अमुक चाल अमुक वीराची, तमुक चाल तमुक व्यापाऱ्याची. चाल कानी पडताच जाणत्या श्रोत्याच्या मनात तो पुरुष व त्याचे कुल उभे राहते.

फ्रेंचांच्या अमलात राजे व सरदार निष्प्रभ झाले आणि जेलीचा आश्रय आटत गेला. या काळात सिदिकी जाबाते हा तरुण वादक पुढे आला. त्याचे पूर्वज मालीकडून गांबियात गेलेले. त्याचा जन्म सुमारे 1922 साली गांबियात झाला आणि तो मालीत परतला. 1940 नंतरच्या दशकात मालीतील किता गावाच्या परिसरात तरुणांची 'काइरा' नावाची एक चळवळ उभी राहिली होती. 'काइरा' म्हणजे शांती, सौख्य. हा शब्द मूळ अरबी 'खैर'. मराठीत 'आता तुझी खैर नाही' असे म्हणताना तोच शब्द तोंडी येतो. गाण्याबजावण्यासाठी जमणाऱ्या या तरुणांचा परकीय अधिकाऱ्यांना संशय आला आणि चळवळ दडपली गेली. तिची चाल मात्र सिदिकीच्या बोटांत राहिली.

22 सप्टेंबर 1960 रोजी माली स्वतंत्र झाला. पहिले राष्ट्राध्यक्ष मोदिबो केता यांच्या कारकीर्दीत राष्ट्रीय वाद्यवृंद स्थापन झाला, आणि राजाच्या जागी राज्यसंस्था जेलीची आश्रयदाती बनली. सिदिकी व त्याचा सहकारी जेलिमादी सिसोको हे दोघेही या वृंदात होते. 1970 साली या दोघांसह काही श्रेष्ठ वादकांची एक ध्वनिमुद्रिका जर्मनीत प्रसिद्ध झाली. तिचे फ्रेंच नाव 'कोर्द आंसियेन', म्हणजे प्राचीन तारा. नाव प्राचीनतेचे असले तरी काम सर्वस्वी नवे होते. तोवर कोरा हा गाण्याच्या आणि कथनाच्या सोबतीचा. येथे प्रथमच तो गायकावाचून, शब्दावाचून केवळ वाद्य म्हणून जगापुढे आला.

ज्याचा धर्म वाणीचा, त्याने वाणी बाजूस ठेवायची हे साधे पाऊल नव्हते. घरच्या श्रोत्यांना शब्द पाठ होते. सनईवर भजनाची चाल ऐकणाऱ्या वारकऱ्याला अभंग आपोआप आठवावा, तसे त्यांना तारांतूनच सारे ऐकू येई. परंतु ज्याला ती भाषाच ठाऊक नाही अशा श्रोत्यापर्यंत काय पोहोचणार? नुसते माधुर्य की माधुर्यामागचा इतिहासही? सिदिकीच्या पिढीने हा प्रश्न उभा केला. त्याच्याशी आयुष्यभर झुंजण्याचे काम त्याच्या मुलाच्या वाट्याला आले.

तुमानी जाबाते याचा जन्म 10 ऑगस्ट 1965 रोजी बामाको येथे झाला. आई नामा कोइता ही गायिका. घराणे एकाहत्तर पिढ्यांचे, असे तो अभिमानाने सांगत असे. हा आकडा सनावळीत बसविण्याचा नव्हे. त्यातून त्या घराचा आत्मविश्वास मात्र कळतो. बालपणी पोलिओने त्याचा एक पाय अधू झाला आणि पुढे जन्मभर तो कुबडी घेऊन चालला. वडिलांनी समोर बसवून त्याला धडे दिले नाहीत. घरात अहोरात्र चाललेले वादन ऐकत तो आपल्याच कानाने शिकला. त्याच कानांवर रेडिओवरून अमेरिकेतील निग्रो गायकांची गीते आणि विजेच्या गिटारीचे सूरही पडत होते. वडिलांच्या कोऱ्याइतकेच तेही त्याच्या बालपणाचे संगीत होते.

त्या वेळी बामाकोत आधुनिक संगीताची लाट जोरात होती. 1970 साली रेल्वे स्थानकावरील हॉटेलात 'रेल बँड' हा वाद्यवृंद सुरू झाला. गिटार, सॅक्सोफोन व ड्रम यांच्या साथीने मांदिंगो वीरकथा नृत्यगृहात गाइल्या जाऊ लागल्या. या वृंदात गायलेला गिनीचा जेली मोरी कांते (1950–2020) याने पुढे कोरा थेट विद्युत्-वाद्यांच्या गजरात नेला, आणि 1987 मधील 'येके येके' या त्याच्या गीताने युरोपातील नृत्यगृहे दणाणून सोडली. हा एक मार्ग होता व तो यशस्वी झाला. परंतु त्यात कोऱ्याचा नाजूक नाद पुष्कळदा इतर वाद्यांखाली दबून जाई. तुमानीने उलट बाजूने आरंभ केला. दुसरी वाद्ये जोडण्यापूर्वी एकटा कोरा किती बोलू शकतो, हे त्याने आधी पाहिले.

1987 साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, लंडनमध्ये त्याने एकट्याच्या वादनाचे मुद्रण केले. 1988 मध्ये ते 'काइरा' या नावाने प्रसिद्ध झाले. आपल्या पहिल्या मुद्रिकेला वडिलांच्या त्या चळवळीचे आणि चालीचे नाव देणे हे जेलीच्या मुलाला शोभणारेच होते. त्यात खर्जाची फिरती आकृती, मधली साथ आणि वरची तान ही तिन्ही अंगे चार बोटांत एकाच वेळी चालतात. मागाहून दुसऱ्या मुद्रणाचा थर चढविलेला नाही. ऐकणाऱ्यास दोन-तीन वादक एकत्र बसल्याचा भास होतो.

पाया पक्का झाल्यावर त्याने दारे उघडली. त्याच 1988 साली स्पेनमधील 'केतामा' या जिप्सी फ्लामेंको वादकांबरोबर त्याने 'सोंघाई' ही मुद्रिका केली. स्पेन व पश्चिम आफ्रिका यांचा व्यापार मध्ययुगापासून वाळवंटाच्या वाटेने चालत आलेला; त्यामुळे ही भेट अगदीच परक्यांची नव्हती. 1999 मध्ये अमेरिकन ब्लूज गायक ताजमहाल (हे त्याने स्वतः घेतलेले नाव) याच्यासमवेत 'कुलांजान' आली. तेथे गुलामांच्या जहाजांतून अमेरिकेस गेलेल्या संगीताची आपल्या मायभूमीशी गाठ पडली. या सर्व प्रयोगांत तुमानीची एक रीत कायम दिसते. पाहुण्यास तो आपल्या कुंबेंगोच्या वर्तुळात बोलावतो, जागा देतो, आणि वर्तुळ मात्र मोडू देत नाही.

सिदिकी 1996 साली वारला. जेलिमादी सिसोको त्यापूर्वीच गेला होता, आणि त्याचा मुलगा बालाके हाही थोर कोरावादक झाला होता. 22 सप्टेंबर 1997 रोजी, मालीच्या स्वातंत्र्यदिनी, बामाकोतील एका सभागृहात तुमानी व बालाके समोरासमोर बसले आणि वडिलांच्या 1970 मधील मुद्रिकेला त्यांनी दोन कोऱ्यांचे उत्तर दिले. 1999 मध्ये ते 'नव्या प्राचीन तारा' अशा अर्थाच्या नावाने प्रसिद्ध झाले. मुलांनी बापांची नक्कल केलेली नाही. त्यांचा वेग अधिक, स्वरांची गुंफण अधिक दाट. तथापि कोणती चीज कोणापासून आली हे दोघेही विसरलेले नाहीत.

दुसरीकडे त्याने 'सिमेट्रिक ऑर्केस्ट्रा' हा मोठा वृंद उभारला. माली, सेनेगल, गिनी, गांबिया, आयव्हरी कोस्ट, बुर्किना फासो अशा देशांतील कलावंत त्यात येत. म्हणजे सुंदियाताच्या साम्राज्याचा नकाशाच जणू रंगमंचावर पुन्हा मांडला जाई. कोरा व बालाफोन यांच्याबरोबरीने विजेची गिटार, कीबोर्ड व ड्रम. परंपरा आणि आधुनिकता यांचा समतोल, हाच त्या नावाचा अर्थ. बामाकोतील एका क्लबात शुक्रवारच्या रात्री हा वृंद वाजवी, आणि नाचणारे तरुण आपल्याच पूर्वजांच्या चालींवर नाचत. 2006 मध्ये या वृंदाची मुद्रिका निघाली.

तरीही ज्या सहवादनाने तुमानीचे नाव सर्वतोमुखी झाले, ते अगदी साधे आहे. नायजर नदीकाठच्या निआफुंके गावचा गिटारवादक अली फार्का तुरे हा जेली नव्हता, मांदिंगोही नव्हता. तो उत्तरेकडील सोंघाई परंपरेतला. इतिहासात माली साम्राज्याला मागे सारून सोंघाई सत्ता वर आली होती. त्या दोन परंपरांचे हे दोन वारस बामाकोतील नदीकाठच्या एका हॉटेलात बसले आणि तालमीवाचून काही तास वाजवीत राहिले. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'इन द हार्ट ऑफ द मून' या त्या मुद्रिकेस फेब्रुवारी 2006 मध्ये अमेरिकेचे ग्रॅमी पारितोषिक मिळाले, आणि पुढच्याच महिन्यात अली फार्का वारला. दोघांचे दुसरे मुद्रण 2010 मध्ये आले. त्यालाही तोच मान मिळाला.

अशा कीर्तीबरोबर जुना प्रश्न अधिकच तीव्र झाला. पॅरिस, लंडन, न्यूयॉर्कच्या सभागृहांत बसलेल्या श्रोत्यांपैकी कितीजणांना या चालींतील नावे ठाऊक असणार? त्यांना कोरा म्हणजे झऱ्याचा खळखळाट, मनाला विसावा देणारा नाद. आश्रयदाता दूरदेशीचा, त्याचे कुल जेलीस अज्ञात आणि जेलीचे शब्द त्यास अज्ञात. मग जेलीने आठवण तरी कोणाची करावी?

तुमानीचे उत्तर 2008 मधील 'मांदे व्हेरिएशन्स' या मुद्रिकेत सापडते. वीस वर्षांनी तो पुन्हा एकटा वाजवायला बसला. त्यातील एका चीजेचे नाव 'अली फार्का तुरे'. दिवंगत मित्राची थोरवी गाणे हे जेलीचे सनातन कर्तव्य. ते त्याने एकाही शब्दावाचून बजावले. दुसरी चीज सेनेगलच्या काउंदिंग सिसोको या कोरावादकाच्या नावाची, तिसरी लंडनमधील एका रस्त्याच्या नावाची. आणि याच पंक्तीत 'जुरु कारा नानी' ही सिकंदराच्या नावाची फार जुनी चाल येते. सिकंदरापासून परक्या शहरातील रस्त्यापर्यंत जे जे आयुष्यात आले, ते ते नावानिशी तारांवर नोंदविले गेले. राजे गेले म्हणून नोंदवही बंद झाली नाही. तीत कोणाचे नाव लिहावे हे जेली आता स्वतः ठरवू लागला.

2012 साली उत्तर मालीत सशस्त्र अतिरेक्यांनी ताबा मिळविला आणि त्या भागात संगीतावरच बंदी आली. अली फार्काच्या प्रदेशात गिटार वाजविणे हा गुन्हा ठरला. वाद्याच्या सुरात किती इतिहास साठलेला असतो, हे ते वाद्य मोडणाऱ्यांनाही पुरते कळले असावे. त्यानंतर 2014 मध्ये तुमानीने आपला मुलगा सिदिकी याच्यासह दोन कोऱ्यांची मुद्रिका प्रसिद्ध केली. आजोबांचे नाव धारण करणारा हा तरुण हिप-हॉप संगीतात नावाजलेला. पण वडिलांसमोर तो जुन्या, विस्मृतीत चाललेल्या चीजा घेऊन बसला. त्यांत एक चाल नवी आहे. तिचे नाव 'लांपेदुसा'. 3 ऑक्टोबर 2013 रोजी आफ्रिकेतून निघालेले निर्वासितांचे जहाज इटलीच्या या बेटाजवळ बुडाले आणि साडेतीनशेहून अधिक माणसे प्राणास मुकली. त्या मृतांची वंशावळ सांगणारा कोणी नव्हता. ज्या वाद्यावर विजेत्यांची नावे गाइली गेली, त्याच वाद्यावर या निनावी माणसांसाठी एक चाल बांधली गेली. जेलीच्या व्यवसायाचा एवढा विस्तार पूर्वी कोणा राजाच्या दरबारात झाला नसेल.

19 जुलै 2024 रोजी बामाको येथे वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी तुमानी जाबाते याचे निधन झाले. परंपरा त्याच्यापाशी थांबली नाही. पूर्वी जेली घराण्यांत कोरा पुरुषांनीच वाजवावा असा दंडक होता; त्याच घराण्याच्या गांबियातील शाखेत जन्मलेल्या सोना जोबार्ते हिने तो मोडला, मैफली गाजविल्या आणि गांबियात मुलांसाठी संगीतशाळा काढली.

बतूताने ऐकलेल्या कवीने राजाला सांगितले होते की, तुझ्यामागे सांगितले जाईल असे काही कर. तुमानीच्या बाबतीत ते सांगण्याचे काम आता त्याचा मुलगा, बालाके सिसोको आणि सोना यांच्या पिढीकडे आहे. त्यांच्या हातच्या कोऱ्यावर यापुढे जुन्या नावांच्या जोडीला तुमानीच्या नावाची चाल वाजेल; आणि ती वाजविणारा आपल्या काळाप्रमाणे तीत काही बदल करीलच, कारण या वाद्याची रीतच तशी आहे.